शंतनुराव किर्लोस्कर आणि केसाएवढे अंतर

या अंकात आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत त्यांचे आडनाव तुम्ही पुस्तकात वाचण्याआधी शेतात वाचले असेल. पैनगंगेच्या काठी, बेला-जैनथच्या पट्ट्यात, ओढ्यावर किंवा विहिरीवर धुडधुडणाऱ्या पंपाला आपल्याकडे कोणी डिझेल इंजिन असे पूर्ण नाव घेऊन बोलवत नाही. नुसते इंजिन म्हटले की भागते. त्या इंजिनाच्या लोखंडी अंगावर अनेकदा एक नाव दिसते : किर्लोस्कर. हे नाव घरोघरी पोहोचविणारे उद्योजक म्हणजे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांच्या कारखान्यांची यादी मोठी आहे आणि ती कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. आम्हांला त्यांच्याबद्दल सांगायचे आहे ते एका फार लहान गोष्टीच्या निमित्ताने. ती गोष्ट म्हणजे ट्रकच्या डिझेल इंजिनात रॉकर आणि झडप यांच्यामध्ये धरावे लागणारे अंतर. ते केसाएवढे असते. ते चुकले तर पंधरा टनांचा माल चढावर अडतो. एवढे बारीक माप आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या हातून, रोजच्या रोज साधता येते हे दाखविण्यात शंतनुरावांचे आयुष्य गेले, असे आम्हांला वाटते.

माळावरचे बालपण

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण डोळ्यांना काही रंगांतील फरक नीट ओळखता येत नाही हे कळल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथे हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा ओसाड माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. १९१० मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा शंतनुराव सात वर्षांचे होते. निवडुंग तोडून केलेल्या जागेत कारखाना उभा राहताना पाहणे, ओतकामाच्या भट्टीचा लाल उजेड पाहणे, हेच त्यांचे बालपण. आईवडिलांच्या घरात आणि कारखान्यात फारसे अंतर नव्हते.

अमेरिका आणि परत

१९२२ साली शंतनुराव अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. पालकांनी हे वर्ष नीट ध्यानात घ्यावे. शिकलेल्या मराठी मुलाने वकील व्हावे, मामलेदार व्हावे, निदान मास्तर तरी व्हावे, अशी अपेक्षा असण्याचा तो काळ. हाताला तेल लागणारे काम शिकायला मुलाला सातासमुद्रापार पाठविणारे घर विरळाच.

१९२६ मध्ये पदवी घेऊन ते परतले ते मुंबईच्या एखाद्या कचेरीत बसण्यासाठी नाही, तर किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम करण्यासाठी. तेथे नांगर होते, चरक होते, पंप होते. पुढे लोखंडी फर्निचरही तयार होऊ लागले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ यंत्रांचा कारखाना निघाला. लेथ म्हणजे यंत्रे घडविणारे यंत्र. ज्याच्या लेथमध्ये खोट, त्याच्या प्रत्येक वस्तूत खोट. बारीक मापाची वाट हरिहरवरून जात होती असे म्हणायला हरकत नाही.

पंपाला इंजिन हवे

पंप कितीही चांगला असला तरी तो फिरवायला काहीतरी लागते. त्या काळी खेड्यात वीज नव्हती. आपल्या आदिलाबादसारख्या भागात तर ती पुढेही बरीच वर्षे तुरळकच होती. मग विहिरीवर एक तर बैलांची मोट किंवा परदेशातून आलेले महाग इंजिन. ही अडचण ओळखून १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखानाही निघाला.

काळ सोपा नव्हता. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर जी दंगल उसळली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. वर्षानुवर्षे जमविलेले सामान राख झाले. किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही. कारखाना पुन्हा उभा केला आणि खडकीचे कामही चालू ठेवले.

खडकीची छोटी इंजिने पुढे देशभर पसरली. त्यांतील एक फार प्रसिद्ध आहे. एकच सिलिंडर, त्याचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची चाल ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे आणि ताकद पाच अश्वशक्ती. आठवी-नववीच्या मुलांनी या इंजिनावर एक हिशेब करून पाहावा. हे इंजिन चार फटक्यांचे आहे, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल उडते. मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा. पूर्ण ओझ्यावर तासाला साधारण एक लिटर डिझेल लागते. एक लिटराचे ४५,००० भाग केले तर एका वेळी उडणारे डिझेल पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याच्या आसपास भरते. हा अर्धा थेंब दर वेळी तेवढाच, नेमक्या क्षणी आणि धुक्यासारखा बारीक होऊन उडाला पाहिजे. जाडाभरडा उडाला तर काळा धूर आणि शेतकऱ्याच्या खिशाला भोक.

डिझेल आत टाकायचे कसे

या इंजिनाला ज्यांचे नाव मिळाले ते रुडॉल्फ डिझेल हे जर्मन वंशाचे अभियंते. त्यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसला झाला. हवा जोराने दाबली की ती तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावला तरी कळते. डिझेल यांनी हवा इतकी दाबायची ठरविली की तिच्यात उडालेले तेल ठिणगीशिवाय पेटावे. १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. परंतु तेल आत उडविण्यासाठी त्यांना दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र जोडावे लागे. असे इंजिन कारखान्यात चाले, गाडीवर बसविणे कठीण. १९१३ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना ते जहाजावरून नाहीसे झाले. डिझेल इंजिनाचे ट्रक सर्रास रस्त्यावर आलेले त्यांना पाहायला मिळाले नाहीत.

ट्रकसाठी उपाय दोन मार्गांनी निघाले. पहिला जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याचा. १९२७ पासून त्यांचा डिझेल पंप बाजारात आला. यात एक पंप सगळ्या सिलिंडरांचे तेल मोजतो, दाबतो आणि नळ्यांतून नोझलकडे पाठवितो. भारतात १९५१ पासून बंगलोरच्या मायको कंपनीमुळे हे पंप ओळखीचे झाले. आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या ट्रकांना हीच पद्धत आहे. म्हणून आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट बांधतात आणि नोझलचा दाब तपासतात, पण इंजेक्टरला रॉकर नसतो.

दुसरा मार्ग अमेरिकेचा. क्लेसी कमिन्स हे इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या एका बँकरचे मोटारचालक होते. शाळा लवकर सुटलेली, पण हात यंत्रात मुरलेले. १९१९ मध्ये मालकाच्या पाठबळावर त्यांनी डिझेल इंजिनांची कंपनी काढली. १९३१ साली त्यांच्या डिझेल मोटारीने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत एकदाही न थांबता पूर्ण केली. या कंपनीने पुढे रूढ केलेल्या पद्धतीत पंप तेल कमी दाबाने पाठवितो. मोठा दाब निर्माण होतो तो प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर बसलेल्या इंजेक्टरमध्येच. झडपा उघडणारा कॅमशाफ्टच पुश रॉड उचलतो, पुश रॉड रॉकरला ढकलतो आणि रॉकर इंजेक्टरच्या दांडीवर म्हणजे प्लंजरवर दाब देतो.

१९६२ साली शंतनुरावांनी याच कंपनीबरोबर भागीदारी करून पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना काढला. पंपाच्या पाच अश्वशक्तीवरून ही उडी थेट दोनशे अश्वशक्तीच्या पुढच्या इंजिनांवर होती. डंपर, रस्ता बांधणारी यंत्रे, मोठे जनरेटर यांच्यासाठी ही इंजिने होती. आपल्या जुन्या जिल्ह्यात सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. उघड्या खाणींत कोळसा आणि माती वाहणाऱ्या अजस्र डंपरांना लागतात ती अशीच इंजिने.

केसाएवढे अंतर म्हणजे काय

आता ती लहान गोष्ट. सहा सिलिंडरांच्या जुन्या कमिन्स इंजिनात इंजेक्टर कसा बांधतात, हे आम्ही थोडक्यात सांगतो. मुलांनी हे वाचावे आणि पाहावे. चालू इंजिनाजवळ मात्र हात घालू नये. उच्च दाबाने उडालेले डिझेल कातडीच्या आत शिरते आणि जखम फार वाईट होते.

प्रथम इंजिन थंड होऊ द्यायचे. लोखंड तापले की वाढते, त्यामुळे गरम इंजिनाचे माप आणि थंड इंजिनाचे माप वेगळे असते. उन्हातून नुकत्याच आलेल्या गाडीला थंडाचे माप लावले तर ते माप खोटे. मग इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, फिरवायचे. पुढच्या पुलीवर खुणा असतात. एक खूण पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरची, दुसरी दुसऱ्या आणि पाचव्याची, तिसरी तिसऱ्या आणि चौथ्याची. खूण जुळली की त्या जोडीपैकी ज्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा बंद असून त्यांचे रॉकर सैल आहेत, तो बांधायचा. क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. हा क्रम आपल्याकडच्या बहुतेक सहा सिलिंडरी ट्रकांचाही आहे. मिस्त्रीच्या हाताखालची पोरे तो पाढ्यासारखा पाठ म्हणतात.

रॉकरचा चेकनट सैल करून स्क्रू आवळला की प्लंजर खाली जाऊन इंजेक्टरच्या टोकावरील वाटीत बसतो आणि तेथे उरलेले तेल बाहेर पडते. स्क्रू पुन्हा थोडा सैल करायचा आणि बारीक मापाच्या टॉर्क रेंचने त्या इंजिनाच्या पुस्तकात दिला असेल तेवढ्याच जोराने आवळायचा. काही इंजिनांना यासाठी डायल गेज लावून प्लंजरची चाल मोजतात. शेवटी स्क्रू जागचा न हलू देता चेकनट घट्ट करायचा. मग त्याच सिलिंडरच्या झडपा. कमिन्सच्या १४ लिटरच्या प्रसिद्ध इंजिनात हवा घेणाऱ्या झडपेचे अंतर इंचाचे ११ हजारांश आणि धूर सोडणाऱ्या झडपेचे २३ हजारांश. मिस्त्रींच्या भाषेत ११ थाऊ आणि २३ थाऊ. मिलिमीटरमध्ये ०.२८ आणि ०.५८. माणसाचा एक केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे चार केस आणि आठ केस. फीलर गेजची पट्टी अंतरातून ओढताना किंचित अडखळली पाहिजे. फुकट सुटली तर सैल, अडकली तर घट्ट.

इंजेक्टर सैल राहिला तर प्लंजर वाटीत नीट बसत नाही. तेल ठिबकते, काजळी धरते, धूर निघतो आणि ताकद जाते. जास्त आवळला तर वाटी फुटते, पुश रॉड वाकतो, कॅम झिजतो. दोन्हींत नुकसान गाडीवाल्याचे. निर्मलकडे जाताना महबूब घाटात भरलेला ट्रक अडला तर मागे रांग लागते, माल उशिरा पोहोचतो आणि भाड्यात तूट येते. कारण कुठे तरी दोन केसांची चूक.

म्हणूनच कोथरूडचा कारखाना ही मोठी परीक्षा होती. कोलंबसमध्ये बनलेला भाग पुण्याच्या इंजिनात आणि पुण्यात बनलेला भाग कोलंबसच्या इंजिनात कानशीने न घासता बसला पाहिजे. जवळजवळ बरोबर असे माप चालत नाही. इंजेक्टरचा प्लंजर आणि त्याचे घर यांच्यामधली फट तर केसाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी असते. त्या काळी परवाने, आयातबंदी आणि परकीय चलनाची टंचाई होती. एखादे यंत्र आणायचे तर दिल्लीच्या कचेऱ्यांत महिनोन्महिने फाइल फिरे. शंतनुराव या परवानापद्धतीवर आणि जबर करांवर उघडपणे टीका करीत. सगळ्यांना ती आवडली नाही. त्यांचा आग्रह होता की भारतीय मालाने जगाच्या बाजारात मापाने उभे राहावे.

मान आणि अखेर

१९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. देशातील व्यापारी-उद्योजकांच्या फिक्की या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. कॅक्टस अँड रोझेस हे त्यांचे आत्मचरित्र. काटे आणि फुले दोन्ही त्या नावातच आली, आणि वाडीचा निवडुंगही. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २००३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी पुढे कमिन्स इंडिया झाली. पुण्याच्या कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय कमिन्सच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या शाळेतील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

काळ बदलला आहे. २०२० च्या एप्रिलपासून देशात भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे कडक नियम आले. नव्या ट्रकांत डिझेलचा थेंब संगणक मोजतो आणि विजेच्या इशाऱ्यावर इंजेक्टर उघडतो. स्क्रू आणि चेकनटाचे काम कमी होत आहे. माप मात्र पूर्वीपेक्षा बारीक झाले आहे आणि त्याला ओळखणारी माणसे पूर्वीपेक्षा जास्त लागतात.

आमची विनंती

आदिलाबादचा मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या कापूस, शेती आणि वाहतूक यांवर जगत आला. निजामाचे राज्य गेले, १९५६ मध्ये आंध्र प्रदेश आला, २०१४ मध्ये तेलंगणा आला, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नागपूर-हैदराबाद रस्ता मात्र तसाच वाहतो आहे आणि त्याच्या कडेच्या गॅरेजांत आपली अनेक मुले काम करतात. मुलगा मिस्त्री झाला हे सांगताना घरातील मोठ्यांचा आवाज खाली येतो, हे आम्ही वारंवार ऐकतो. पालकांनी शंतनुरावांकडे पाहावे. परदेशची पदवी घेऊन आलेला हा माणूस भट्टी आणि लेथ यांच्यामध्येच राहिला. हाताचे काम हलके नसते. हलके असते ते अंदाजाने केलेले काम. तेवढे मात्र मुलांना सांगावे की गॅरेजात जायचे तर शाळा सोडून नव्हे, शाळा पूर्ण करून आणि जमल्यास आयटीआयचा दाखला घेऊन जावे. हजारांश कळायला दशांश अपूर्णांक यावे लागतात.

विश्वस्त मंडळाला आमची एक छोटी विनंती आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक मायक्रोमीटर, एक व्हर्निअर आणि एक फीलर गेज असावा. खर्च फार नाही. सातवीच्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने आपल्याच डोक्यावरचा एक केस मोजावा आणि त्याचा आकडा वहीत लिहावा. गावातील एखाद्या अनुभवी मिस्त्रींना वर्षातून एकदा शाळेत बोलावून, जुन्या बंद इंजिनाच्या हेडवर टॅपेट कसे बांधतात ते मुलांसमोर करून दाखवावे. त्या दिवशी त्यांना गुरुजी म्हणावे.